रुग्णसेवेच्या धबडग्यात घरच्या घरी स्वतःसाठी काय करावे?

गोदाकाठ

सर्वांना नमस्कार. मी नाशिकला राहते, वय ५४. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून माझ्या सासूबाई पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. त्या ८३ वर्षांच्या आहेत. शस्त्रक्रिया चांगली झाली, परंतु पडण्याची धास्ती त्यांच्या मनात अशी बसली आहे की वॉकर धरून पलंगापासून खुर्चीपर्यंत येण्यापलीकडे त्या जात नाहीत आणि मी जरा नजरेआड झाले की लगेच हाका मारू लागतात. यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असल्यामुळे त्यांच्या पाळ्या सतत बदलतात. मुलगा पुण्याला असतो. धुणेभांड्यांना बाई येतात, पण सासूबाईंची आंघोळ, औषधे, जेवण आणि रात्रीचे उठणे हे सगळे माझ्याकडेच आहे.

मी तक्रार करण्यासाठी लिहीत नाही. माझ्या बाळंतपणात सासूबाईंनी माझे जे केले, ते मी विसरलेले नाही. मात्र हल्ली असे होते की दिवस संपताना आज आपल्याला कशाची गोडी वाटली हे आठवून पाहिले, तर काहीच हाती लागत नाही. पूर्वी मी भिशीला जात असे, सार्वजनिक वाचनालयातून पुस्तके आणत असे, सकाळी गंगापूर रस्त्याने फिरायला जात असे. आता सलग वेळ मिळतच नाही. मिळतात ते तुकडे, आणि तेही बहुतेक मोबाइलवर बोट फिरवण्यात जातात. त्यातून उठताना डोके उलट जडच झालेले असते. नातेवाईक ‘स्वतःकडे लक्ष दे गं’ असे फोनवर सांगतात, परंतु म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही. पार्लर, सहल, शिबिर यांतले काहीही मला सध्या जमणारे नाही. घरातल्या घरात, दहा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत, मनाला टोचणी न लागता करता येण्यासारखे काय आहे? ज्यांनी स्वतः केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पांढरी_टोपी

ताई, मी शासकीय रुग्णालयात परिचारिका होते. आता निवृत्त आहे. आनंदाचे पुढे पाहू, आधी तुमच्या कमरेविषयी लिहिते, कारण रुग्णाची सेवा करणारी व्यक्ती सर्वप्रथम कमरेतून मोडते आणि दुखऱ्या कमरेने कोणताही छंद गोड लागत नाही.

सासूबाईंना उठवताना त्यांच्या काखेत हात घालून ओढू नका. त्यात तुमचा मणका आणि त्यांचा खांदा असे दोघांचेही नुकसान होते. त्यांना आधी कुशीवर वळू द्या, पाय पलंगाखाली सोडू द्या, हाताने गादीवर रेटा देऊ द्या आणि मग तुम्ही पाय फाकवून, गुडघ्यांत वाकून, त्यांच्या अगदी जवळ उभ्या राहून आधार द्या. त्यांच्या शस्त्रक्रियेनंतर कोणत्या हालचाली वर्ज्य आहेत, हे मात्र त्यांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारून घ्या. पलंगावर वर सरकवायचे असेल, तर खांद्यापासून मांड्यांपर्यंत एक आडवी जाड चादर घालून ठेवावी आणि दोन बाजूंनी दोघांनी धरून ती सरकवावी. एकटीने हे काम करूच नये. पलंग फार खाली असेल, तर उंची कमी-जास्त होणारी रुग्णालयातल्यासारखी खाट महिन्याच्या भाड्याने मिळते. नाशिकसारख्या शहरात ती सहज मिळेल आणि तिचे भाडे तुमच्या कमरेच्या उपचारांपेक्षा नक्कीच स्वस्त पडेल.

दुसरी गोष्ट झोपेची. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते आणि तुमची ती तुकड्यांत विभागली गेली आहे, हे तुमच्या मजकुरावरून स्पष्ट दिसते. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवल्यास रात्रीची निम्मी यातायात वाचते. संध्याकाळनंतरचे पाणी आणि लघवी वाढवणारे औषध असल्यास त्याची वेळ, याबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी बोलावे. स्वतःच्या मनाने काही बदलू नये. दुपारी त्या झोपल्या की ओटा आवरायला घेण्याऐवजी तुम्हीही वीस मिनिटे डाव्या कुशीवर पडा. आपल्याकडे वामकुक्षी म्हणतात ती एवढीच असते. तासभर ताणून दिली, तर रात्रीची झोप उडते.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिते, रागावू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज कशातच गोडी वाटत नसेल, भूक आणि झोप बिघडली असेल, उगाच रडू येत असेल, तर तो केवळ थकवा आहे असे समजून बसू नये. टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. ज्येष्ठांच्या संदर्भात माहिती किंवा मदत हवी असेल, तर एल्डरलाइनचा क्रमांक १४५६७ आहे.

काशाची_वाटी

माझ्या नावावरूनच मी काय सुचवणार हे कळले असेल. आमच्या साताऱ्याकडच्या घरात रात्री तळपायांना काशाच्या वाटीने तेल किंवा तूप घासण्याची पद्धत होती आणि आईचे दुखणे काढत असताना मी ती पुन्हा सुरू केली. वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणे, रोज करावा असे सांगून डोके, कान आणि पाय या तीन ठिकाणी तो विशेषकरून करावा असे म्हटले आहे. म्हणजे सर्वांगाला तेल लावायला सवड नसणाऱ्यांची सोय त्या काळीच करून ठेवलेली आहे! कफाचा त्रास असताना किंवा अजीर्ण झालेले असताना अभ्यंग करू नये, हेही त्यानेच पुढे सांगितले आहे.

कृती अगदी साधी आहे. जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरून त्यावर जुना पंचा घालावा, चमचाभर तिळाचे तेल किंवा साजूक तूप कोमट करून तळपायाला लावावे आणि वाटीची बाहेरची गोल बाजू टाचेपासून बोटांकडे गोल-गोल फिरवावी. एका पायाला पाच-सात मिनिटे पुरतात. टाचेच्या कडेला आणि अंगठ्याखालच्या उंचवट्यावर वाटी पोचली की दिवसभर ओट्यापाशी उभे राहून आलेला ताठरपणा उतरल्याचे लगेच जाणवते. थोड्या वेळाने तेल काळपट होते आणि ‘बघा, अंगातली उष्णता निघाली’ असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. खरे पाहता काशामध्ये तांबे आणि कथील असते आणि घर्षणाने तो धातू किंचित झिजून तेलात उतरतो, त्यामुळे हा काळेपणा येतो. उष्णतेची कथा खोटी असली, तरी पायांना मिळणारा आराम खरा आहे, त्यामुळे मी वाटी सोडलेली नाही. नंतर पाय डाळीच्या पिठाने किंवा साबणाने नीट धुवावेत, कारण तेलकट पायांनी फरशीवर चालणे म्हणजे घरात दुसरे खुब्याचे हाड मोडण्याची तयारी ठेवणे. मधुमेह असेल आणि पायांची संवेदना कमी झाली असेल, तर वाटी वापरू नये. हाताने हलके चोळावे आणि तेवढ्या निमित्ताने पायाला कुठे जखम नाही ना, हे पाहून घ्यावे.

माझी एकच विनंती आहे की हे आधी सासूबाईंचे आणि उरलेल्या तेलात तुमचे, असे करू नका. तुमच्या वेळात तुमचेच पाय असू द्यावेत.

तीळगूळ_बोलका

थोडक्यात लिहितो. आमच्या आत्याबाईंना पाहून मला असे वाटते की घरात राबणाऱ्या बाईच्या दिवसातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे तिचे स्वतःचे जेवण. सगळ्यांचे झाल्यावर, उभ्याउभ्या, कढईत उरलेल्या भाजीत पोळीचा तुकडा फिरवून तिचे जेवण होते. काही दिवस ताट वाढून, बसून जेवून पाहा. मेतकूट-भात आणि वर तूप एवढेच असले तरी ताटात वाढलेले असावे. सकाळी अकराच्या सुमारास ताक घालून नाचणीची आंबील घ्यावी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि पन्नाशीनंतर बायकांच्या हाडांना त्याची गरज अधिक असते, हे सासूबाईंच्या दुखण्यावरून निराळे सांगायला नको. चहा मात्र जेवणाला लागून घेऊ नये, तासाभराने घ्यावा. त्यामुळे अन्नातले लोह अंगी लागते.

शब्दकोडे_कोथरूड

वरील सर्व सूचना चांगल्या आहेत, पण मला त्यांत एक उणीव जाणवते आणि ती मी थोड्या परखडपणे मांडणार आहे. माझ्या पत्नीला पार्किन्सन्स आहे आणि घरातली मुख्य जबाबदारी माझ्याकडे आहे, त्यामुळे हे बाहेरून दिलेले व्याख्यान समजू नये. तेल, आंबील, वामकुक्षी या गोष्टी वीस मिनिटांत होतात हे खरे. परंतु त्या वीस मिनिटांत एक कान सतत शेजारच्या खोलीकडे लागलेला असेल, तर मन कशातही उतरत नाही. गोदाकाठताईंना छंद कमी पडलेला नाही, त्यांना बेफिकीर वेळ मिळत नाही. दिवसातला एखादा तास दुसऱ्या कोणीतरी पूर्णपणे अंगावर घेतला, तरच तो वेळ त्यांचा होईल.

हा एका घरापुरता प्रश्न नाही. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग सर्वेक्षणात घरातली बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यांत जात असल्याचे आढळले; अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा आकडा ९७ मिनिटांचा होता. घरातल्यांची काळजी घेण्यात जाणारा वेळ यात धरलेला नाही, तो निराळा. तेव्हा स्वतःकडे लक्ष देण्याचा सल्ला फोनवरून देणाऱ्या नातेवाइकांना विचारावे की तुम्ही शनिवारी दुपारी दोन तास येऊन बसाल का? माझ्या अनुभवात, ‘काही लागले तर सांगा’ म्हणणारे पुष्कळ असतात आणि नेमका वार, नेमकी वेळ आणि नेमके काम सांगितले की त्यांतले थोडेसेच उरतात, परंतु ते थोडे खरोखर येतात.

काम सोपवताना दोन पथ्ये पाळावीत. औषधांच्या वेळा, जेवणाचे प्रमाण, चष्मा आणि दातांची डबी कुठे असते, कोणत्या कुशीवर बरे वाटते, हे सगळे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावावे, म्हणजे नवख्या माणसाला दर पाच मिनिटांनी तुम्हाला विचारावे लागणार नाही. आणि एकदा काम सोपवले की ते त्यांच्या पद्धतीने होऊ द्यावे. वरण जरा पातळ झाले किंवा केसांचा भांग वाकडा पडला, तर आभाळ कोसळत नाही. परवडत असल्यास दिवसाच्या काही तासांसाठी मदतनीस ठेवावी आणि पहिले काही दिवस तुम्ही घरात असतानाच तिला काम करू द्यावे, म्हणजे सासूबाईंनाही तिची सवय होते.

मोकळ्या वेळात मी शब्दकोडी सोडवतो आणि वर्षभर दिवाळी अंक वाचतो. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे ही चैन चालत आली आहे. दिवाळीतच सगळे अंक संपवण्याची घाई केली नाही, तर चार अंकांतल्या कथा शिमग्यापर्यंत सहज पुरतात. एक कथा वीस-पंचवीस मिनिटांत वाचून होते आणि कादंबरीप्रमाणे मागचा धागा लक्षात ठेवावा लागत नाही. तुमच्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय तर १८४० सालचे आहे. यजमान पाळीवरून येताना तिथे अंक बदलून आणू शकतील. एवढे त्यांच्याकडे द्याच.

नीरेकाठची

कोथरूडकरांचे म्हणणे मला पटते, पण पूर्ण नाही. मोकळा तास मिळेल तेव्हा मिळेल. तोवर हातात असलेल्या कामातच स्वतःची अशी एखादी जागा ठेवता येते. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायकांना कोणता बेफिकीर वेळ होता? तरीही त्या दळता-दळता भाऊ, माहेर, विठ्ठल, सासरचा जाच, सगळे ओवीत घालून मोकळ्या होत असत. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगावांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतल्या अनेक ओव्या आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर त्या बायकांच्या स्वतःच्या आवाजात ऐकायला मिळतात. काम हलके व्हावे म्हणूनच त्या गात होत्या असे म्हणून मी त्यांच्या कष्टांना गोड रूप देत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की तो वेळ त्यांनी सर्वस्वी दुसऱ्याला देऊन टाकला नव्हता.

ताई, तुमच्या सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत, म्हणजे लहानपणी त्यांनी जाते नक्की पाहिले असेल, कदाचित ओढलेही असेल. भाजी निवडताना त्यांना एखादी ओवी विचारा. आठवली तर वहीत उतरवून घ्या किंवा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. निदान त्या यंत्राचा काही सदुपयोग होईल. हे सेवेत मोडणार नाही, कारण इथे घेणाऱ्या तुम्ही असाल. शिवाय त्यांनाही दिवसभर ‘गोळी घ्या, पाणी प्या’ याखेरीज दुसरे काही बोलायला मिळेल.

स्वयंपाकघरासाठी माझी दुसरी सूचना साध्या रेडिओची आहे. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली आणि सकाळच्या ‘भूले बिसरे गीत’वर चहा घेणारी घरे अजूनही पुष्कळ आहेत. मोबाइलवर गाणे निवडायला जावे, तर चार निरोप दिसतात आणि गाणे बाजूलाच राहते. रेडिओवर पुढचे गाणे कोणते लागेल हे आपल्या हातात नसते, त्यामुळे आवडीचे गाणे अवचित लागले की कणीक मळणारे हातसुद्धा क्षणभर थांबतात.

गच्चीत किंवा सज्जात पाच-सहा तास ऊन येत असेल, तर मोगऱ्याची एक कुंडी ठेवा. थंडीत पाणी कमी करून जानेवारीअखेर छाटणी केली आणि शेणखत घातले, की उन्हाळ्यात कळ्या येतात. संध्याकाळी कळ्या खुडून ओल्या फडक्यात ठेवल्या की रात्री उमलतात. त्यांतल्या चार सासूबाईंच्या उशाशी आणि चार तुमच्या केसांत असाव्यात.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या आस्थेने कोणी लिहील असे वाटले नव्हते. कागद लिहून फ्रिजवर लावला आहे. यजमानांनी तो वाचला आणि ‘एवढे सगळे असते?’ असे विचारले. त्यावर मी काही बोलले नाही. दुसरी पाळी असलेल्या आठवड्यात सकाळची आंघोळ आणि न्याहारी ते पाहतील असे ठरले आहे आणि मुलगा एकाआड एक शनिवारी येतो म्हणाला आहे.

सासूबाईंना ओव्यांचे विचारले, तर पहिल्यांदा त्यांनी ‘आता काय आठवतंय मला’ म्हणून तोंड फिरवले. नंतर मेथी निवडत असताना आपण होऊन दोन ओव्या म्हटल्या. निफाड तालुक्यातल्या त्यांच्या माहेरच्या आहेत. एका ओवीत त्यांच्या थोरल्या भावाचे नाव आले आणि तो कसा बैलगाडीतून त्यांना माहेरी न्यायला मूळ म्हणून येत असे, हे त्या बराच वेळ सांगत राहिल्या. मेथी निवडून कधी झाली, ते कळले नाही.

अडचण एकच उरली आहे. यजमान शेजारी बसलेले असले तरी त्या हाक मला मारतात. त्यामुळे मी आतल्या खोलीत दार लोटून पायांना तेल लावत बसले, तरी दोन मिनिटांत उठावे लागते. त्यांना दुखावल्याशिवाय हे कसे बदलावे?

पांढरी_टोपी

ताई, ती हाक बहुतेक वेळा कामासाठी नसते, तुम्ही घरात आहात ना याची खात्री करून घेण्यासाठी असते. ‘जरा वेळाने येते’ असे सांगितले, तर तो वेळ केव्हा संपणार हे त्यांना कळत नाही आणि धास्ती वाढते. म्हणून नेमके सांगावे: ‘मोठा काटा सहावर आला की मी येते, तोवर हे बसले आहेत.’ आणि काटा सहावर येताच कितीही छान चालले असले तरी उठून त्यांच्यासमोर जावे. सुरुवात दहा मिनिटांपासून करावी. शब्द पाळला जातो हे त्यांना पटले की मग वीस, मग अर्धा तास असे वाढवता येते. त्या वेळात त्यांनी हाक मारली, तर उत्तर यजमानांनी पलंगाजवळ जाऊन द्यावे. तुम्ही आतून ‘ओ’ दिलीत, तर हाक लागू पडते असेच त्या शिकतील. खरोखरच्या निकडीसाठी बिनतारी घंटा मिळते, तिचे बटण त्यांच्या हाताशी द्यावे.

पडण्याची भीती मात्र बोलून जाणार नाही. फिजिओथेरपिस्टना घरी बोलावून खुर्चीपासून दारापर्यंत, मग दारापासून सज्जापर्यंत अशी चाल पुन्हा सुरू करावी लागेल. मोगऱ्याची कुंडी सज्जात ठेवणार असाल, तर तिथवर जायला त्यांना एक कारणही मिळेल. आणि घड्याळ मोठ्या आकड्यांचे घ्यावे. त्यांना पडल्या जागेवरून चष्म्याशिवाय दिसेल अशा भिंतीवर ते लावावे.